दहा मिनिटांत न मावणारे दुखणे: लंडनच्या ‘फ्रीडम फ्रॉम टॉर्चर’ या सेवेविषयी

उत्तर लंडनमधील ज्या दवाखान्यात मी जीपी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत फॅमिली डॉक्टर, म्हणून काम करते, तेथे एका रुग्णासाठी दहा मिनिटे ठरलेली असतात. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ या दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा येत असत. तळपाय दुखतात, रात्री पायांची आग होते, सकाळी पहिली पावले टाकताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. एक्स-रे नीट होता, साखर नीट होती, बूट बदलून झाले होते आणि वेदनाशामक गोळ्यांची मात्रा दोनदा वाढवून झाली होती. एके दिवशी पायमोजे काढताना त्यांचे हात थरथरू लागले आणि मी प्रथमच, खरे तर फार उशिरा, विचारले की तुमच्या तळव्यांवर कोणी मारले होते का. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर दुभाष्याकडे न पाहता त्यांनी फक्त मान हलवली. तोवर नऊ मिनिटे संपली होती आणि बाहेर पुढचा रुग्ण बसला होता.

तळपायांवर सतत फटके मारल्याने टाचेखालची चरबीची गादी चिरडली जाते आणि तळव्यातील जाड पडद्याला इजा होते. वरची त्वचा काही आठवड्यांत पूर्ववत दिसू लागते, पण चालण्यातले दुखणे वर्षानुवर्षे राहते. एक्स-रेमध्ये त्याचा मागमूस नसतो. छळ करणाऱ्यांना ही पद्धत प्रिय आहे ती त्याचमुळे. हे सारे मी पुस्तकात वाचले होते, परंतु समोर बसलेल्या माणसाच्या पायांत ते ओळखायला मला दोन वर्षे लागली. त्या दिवशी मी ज्या सेवेकडे रेफरलची चिठ्ठी लिहिली, तिच्याविषयी हे परीक्षण आहे. मी त्या संस्थेची कर्मचारी नाही. मी तिच्याकडे रुग्ण पाठवते, तिची पत्रे वाचते आणि दरमहा तिला थोडी देणगी देते. वाचकांनी माझे मत एवढे लक्षात ठेवूनच वाचावे.

‘फ्रीडम फ्रॉम टॉर्चर’ ही ब्रिटनमधील धर्मादाय संस्था १९८५ मध्ये हेलन बँबर यांनी स्थापन केली. तेव्हा तिचे नाव ‘मेडिकल फाउंडेशन फॉर द केअर ऑफ व्हिक्टिम्स ऑफ टॉर्चर’ असे होते आणि जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजूनही ‘मेडिकल फाउंडेशन’ हेच नाव येते. सध्याचे नाव २०११ पासूनचे आहे. बँबर १९४५ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, मदतपथकाबरोबर बर्गन-बेल्झन या नुकत्याच मुक्त झालेल्या नाझी छळछावणीत गेल्या होत्या. तेथील माणसे त्यांचा हात घट्ट धरून आपली कहाणी सांगत राहत. त्यांना बरे करण्याइतके आपल्या हाती काही नाही, पण ऐकून घेणे आणि साक्षी राहणे मात्र आपल्याला शक्य आहे, हे बँबर यांना तेथे उमगले, असे त्या पुढे अनेकदा सांगत. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या वैद्यकीय गटात काम करताना त्यांनी याच समजुतीला डॉक्टरी शिस्त जोडली आणि त्यातून ही संस्था उभी राहिली. २००५ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची दुसरी संस्था काढली आणि २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. लंडनमधील मुख्य केंद्र फिन्सबरी पार्क भागात आहे, आणि त्याखेरीज मँचेस्टर, बर्मिंगहॅम, न्यूकॅसल व ग्लासगो येथेही केंद्रे आहेत. स्थापनेपासून ५० हजारांहून अधिक माणसांसाठी या संस्थेकडे मदत मागितली गेली आहे.

सेवा पूर्णपणे मोफत आहे. डॉक्टर, वकील किंवा समाजसेवक चिठ्ठी देतात, संस्था प्राथमिक मुलाखत घेते आणि मग काय शक्य आहे ते ठरते. मानसोपचार, कुटुंबासह किंवा गटात होणारे उपचार, जुनाट वेदनांवर शारीरिक उपचार, आश्रयाच्या अर्जासाठी (मायदेशी जिवाला धोका असल्याने इथे राहू द्यावे, अशा सरकारकडे केलेल्या अर्जासाठी) कायदेशीर सल्ला, राहण्याखाण्याच्या अडचणींत मदत आणि शरीरावरील खुणांची वैद्यकीय नोंद ही सगळी कामे एकमेकांशी जोडलेली आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला प्रश्न पडेल की मानसोपचार करणाऱ्या संस्थेने घराच्या आणि कागदपत्रांच्या भानगडीत का पडावे. माझे उत्तर सोपे आहे. ज्या माणसाला पुढच्या महिन्यात आपल्याला त्याच देशात परत पाठवतील की काय याची धास्ती आहे, त्याला झोप लागण्यासाठी गोळी द्यायची म्हणजे छप्पर गळत असताना फरशी पुसत बसायचे. ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज प्रलंबित असताना बहुतेकांना काम करण्यास मनाई असते. स्वतः स्वयंपाक करून राहणाऱ्या आश्रयार्थीला २०२४ मध्ये आठवड्याला ४९.१८ पाउंड मिळत होते आणि त्यातच अन्न, कपडे, बसचे भाडे हे सारे भागवायचे होते. केंद्रापर्यंत जाण्यायेण्याच्या खर्चाचा विचार न करता लिहिलेली चिठ्ठी कागदावरच राहते, हे मी अनुभवाने शिकले.

माझ्या त्या रुग्णाने मला पहिल्या भेटीविषयी सांगितले तेव्हा एका गोष्टीवर भर दिला. त्याला कोणी घाई केली नाही. तास उलटून गेला तरी घड्याळाकडे पाहिले गेले नाही, आणि त्या पहिल्या दिवशी छळाविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही. खोलीत कुठे बसायला आवडेल, दार बंद असावे की किलकिले, खिडकी समोर हवी की पाठीशी, हे मात्र विचारले गेले. कोठडीतून आलेल्या माणसाला हे प्रश्न किती मोठे वाटतात, हे दाराकडे पाठ करून खुर्ची मांडणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला आधी कळले नव्हते. छळाचे सगळे तंत्रच मुळी माणसाची निवड हिरावून घेण्यावर उभे असते. केव्हा बसायचे, केव्हा झोपायचे, केव्हा पाणी प्यायचे हे दुसराच कोणी ठरवतो. त्यामुळे दार किती उघडे ठेवायचे हे माणसाला स्वतः ठरवू देणे हाच उपचाराचा पहिला भाग असतो. मला या सेवेचे सर्वात मोठे मोल वाटते ते तिने दिलेल्या वेळाचे, आणि पुढे मी जे काही चांगले सांगणार आहे ते सगळे या एका गोष्टीतून निघालेले आहे.

छळपीडितांच्या उपचारात जगभर वापरली जाणारी एक पद्धत येथे सांगण्याजोगी आहे. जमिनीवर एक दोरी अंथरायची, ती म्हणजे त्या माणसाचे आयुष्य. जन्मापासून सुरुवात करून चांगल्या प्रसंगांच्या जागी फुले ठेवायची आणि वाईट प्रसंगांच्या जागी दगड. मग पुढच्या अनेक भेटींत एकेका फुलाशी, एकेका दगडाशी थांबून ती हकिकत काळाच्या क्रमाने सांगायची, लिहून काढायची आणि पुन्हा वाचायची. छळाच्या आठवणी तुकड्यातुकड्यांनी येतात, एखादा वास, किल्ल्यांचा आवाज, बुटांची चाहूल, आणि त्या येतात तेव्हा ‘हे झाले होते’ असे वाटत नाही, तर ‘हे आत्ता होते आहे’ असेच वाटते. दोरीवर त्यांना जागा मिळाली की त्यांच्या मागे आणि पुढे काही होते, हेही दिसू लागते. दगडाच्या आधी आजीच्या अंगणातले फूल असते, दगडानंतर इथल्या शाळेत दाखल झालेल्या मुलीचे. ही पद्धत ऐकायला सोपी वाटली तरी तिला प्रशिक्षित माणूस, तोच दुभाषा आणि ठरलेल्या वेळी न चुकता होणाऱ्या भेटी लागतात. यातली एकही गोष्ट माझ्या दहा मिनिटांत बसत नाही.

आता शरीरावरील खुणांच्या त्या नोंदीकडे, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर अहवालाकडे वळते, कारण माझ्या मते याच कामात या संस्थेचा हात धरणारे फार थोडे आहेत. आश्रय मागणाऱ्याने ‘माझा छळ झाला’ असे म्हटले की ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच येतो, आणि छळ करणारे सरकार काही पावती देत नाही. उरते ते शरीर. संस्थेचे प्रशिक्षित डॉक्टर एक किंवा अनेक भेटींत, तासन्‌तास, डोक्यापासून पायापर्यंत प्रत्येक व्रण पाहतात, मोजतात, शरीराच्या आकृतीवर त्याची जागा नोंदवतात आणि प्रत्येकाबद्दल तो कशाने झाला असे तुम्हाला वाटते हे विचारतात. चांगल्या अहवालात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, जे व्रण छळाचे नाहीत तेही त्यात प्रामाणिकपणे वेगळे लिहिलेले असतात. लहानपणी झाडावरून पडल्याचा, देवीच्या लसीचा, स्वयंपाकघरात भाजल्याचा. जो डॉक्टर प्रत्येक खूण छळाचीच ठरवतो, त्याच्या अहवालावर न्यायाधीश विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

या नोंदीची भाषाही ठरलेली आहे. इस्तंबूल प्रोटोकॉल या नावाने ओळखली जाणारी मार्गदर्शिका १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांना सादर झाली. १५ देशांतील ७५हून अधिक तज्ज्ञांनी तीन वर्षे खपून ती तयार केली होती आणि २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. त्यानुसार डॉक्टरने प्रत्येक खुणेबद्दल पाचांपैकी एक मत द्यायचे असते. सांगितलेल्या कारणाशी ती जुळत नाही. जुळते, पण इतर अनेक कारणांनीही होऊ शकते. बरीच जुळते, इतर कारणे थोडीच. त्या प्रकारच्या छळात नेहमी दिसते तशीच आहे. किंवा त्याखेरीज दुसऱ्या कशानेही अशी होऊच शकत नाही. त्यानंतर सगळ्या खुणा एकत्र धरून निष्कर्ष काढायचा. संवेदना आणि काटेकोरपणा एकाच कागदावर नांदू शकतात, हे मला अशा अहवालांतून प्रथम पटले.

या कामाची कसोटी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात लागली. श्रीलंकेतून आलेल्या एका तमिळ पुरुषाच्या पाठीवर पाच लांब आणि हातावर दोन आखूड व्रण होते. श्रीलंकेच्या सरकारी दलांनी कोठडीत तापलेल्या सळ्यांनी डागले, असे त्याचे म्हणणे होते. व्रणांच्या कडा इतक्या सरळ होत्या की डागताना तो बेशुद्ध असावा, हे सर्वांनाच मान्य होते. वेदनेने शुद्ध हरपली असेल, हे डॉक्टरांचे स्पष्टीकरण होते. पण आश्रय मिळवण्यासाठी त्याने स्वतःच कोणाकडून तरी हे करवून घेतले असावे, असा निष्कर्ष खालच्या न्यायाधिकरणाने काढला आणि अपील न्यायालयानेही तोच उचलून धरला. ६ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा निर्णय फिरवला. डॉक्टरने केवळ ‘हा भाजल्याचा व्रण आहे’ एवढ्यावर थांबण्याची गरज नाही, ज्या परिस्थितीत तो झाला असे माणूस सांगतो तिच्याशीही तो कितपत जुळतो हे डॉक्टर सांगू शकतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. स्वतःला असे डागून घेणारी माणसे अत्यंत विरळा असणार, या साध्या गोष्टीला पुरेसे वजन द्यायला हवे, हेही त्यात नमूद झाले. खटला नव्या सुनावणीसाठी परत गेला. या प्रकरणात फ्रीडम फ्रॉम टॉर्चर, हेलन बँबर फाउंडेशन आणि मेडिकल जस्टिस या संस्थांनी न्यायालयापुढे आपली बाजू मांडली होती. पाठ भाजलेल्या माणसाला ‘तूच भाजून घेतलेस’ असे ऐकावे लागणे म्हणजे काय, याचा विचार मी हा निकाल वाचल्यापासून अनेकदा केला आहे. दरमहा जाणाऱ्या माझ्या देणगीबद्दल मनात कधी शंका आलीच, तर हा एक निकाल मला पुरेसा वाटतो.

दुभाष्यांविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण तेथेच बहुतेक सेवा अडखळतात. एका संस्थेने, जिचे नाव घेण्याची गरज नाही, माझ्या दवाखान्यात फोनवर दिलेल्या दुभाष्याने एकदा माझ्या रुग्णाचे पाच मिनिटांचे बोलणे ‘त्यांना मानसिक ताण आहे’ अशा एका वाक्यात उरकले. मागून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. रुग्णाने माझ्याकडे पाहिले आणि त्यानंतर चार महिने तो आला नाही. फ्रीडम फ्रॉम टॉर्चरमध्ये दुभाषा हा उपचार करणाऱ्या चमूचा भाग असतो. शक्यतो प्रत्येक भेटीला तोच माणूस येतो आणि ‘ते म्हणतात की’ असे न म्हणता ‘मी’ असेच बोलतो. कोणता दुभाषा चालेल हेही विचारले जाते, आणि ही केवळ सौजन्याची बाब नाही. आपल्याच देशातला, आपलीच भाषा बोलणारा माणूस कोणाच्या बाजूचा आहे, तो ही गोष्ट बाहेर सांगेल का, गावाकडे आपल्या आईपर्यंत ती पोचेल का, ही भीती खरी असते. बलात्कार झालेल्या बाईला पुरुष दुभाष्यासमोर तोंड उघडता येत नाही, आणि कित्येकदा पुरुषालाही येत नाही. शिवाय दिवसभर दुसऱ्याच्या छळाची हकिकत ‘मी’ म्हणून उच्चारणाऱ्या दुभाष्याच्या मनाचे काय होते, याकडेही लक्ष द्यावे लागते. त्यांच्यापैकी काही जण तर स्वतःही निर्वासित म्हणूनच आलेले असतात.

भारतीय म्हणून मला यात स्वतःविषयीही एक गोष्ट कळली. श्रीलंकेतून आलेली एक तमिळ बाई पहिल्या दोन भेटींत माझ्याशी अगदी मोजके बोलत असे. मला वाटत होते की मी साडी ओळखते, सांबार ओळखते, म्हणजे तिला मी जवळची वाटत असेन. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना तिच्या मुलखात होती आणि त्या काळाच्या तिच्या घरच्या आठवणी चांगल्या नव्हत्या, हे मला फार नंतर समजले. मी शाळेत असताना त्या सैन्याच्या बातम्या सांगलीच्या घरी वर्तमानपत्रात वाचल्या होत्या, अभिमानाने. तिने मला काही ऐकवले नाही. पण तिची चिठ्ठी लिहिताना ‘दुभाषा भारतातला नसावा’ ही तिची विनंती मी जशीच्या तशी लिहिली, आणि ती पाळली गेली.

संस्थेच्या इतिहासातील एक प्रयोग मला विशेष प्रिय आहे, कदाचित मी शेतकऱ्याची नात असल्यामुळे. १९९२ मध्ये तिने बागकाम आणि मानसोपचार यांची सांगड घालणारा उपक्रम सुरू केला. इंग्लंडमध्ये ‘अलॉटमेंट’ नावाची पद्धत आहे. नगरपालिका नागरिकांना भाजीपाला लावायला जमिनीचे छोटे तुकडे नाममात्र भाड्याने देते, आणि पूर्ण तुकडा परंपरेने दहा ‘रॉड’, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठे भरतो. उत्तर लंडनमधल्या अशा तुकड्यांवर छळातून वाचलेली माणसे माती खणू लागली आणि मानसोपचार करणारी व्यक्तीही त्यांच्या बाजूला वाकून काम करू लागली. समोरासमोर खुर्च्या मांडल्या की ज्याला चौकशीची खोली आठवते, तो वाफ्याच्या दोन बाजूंनी तण उपटताना बोलू शकतो. ज्यांनी जमीन, शेत, अंगण मागे सोडले आहे त्यांच्यासाठी मातीत हात घालणे हे दुःखही असते आणि आधारही. पाला कुजून खत होतो, हिवाळ्यात मेलेले दिसणारे झुडूप मार्चमध्ये फुटते, पण गोगलगायी एका रात्रीत सगळी रोपे फस्तही करतात, आणि तेव्हा अंगावर येणारा राग किंवा हताशपणा कुठून आला याविषयी तिथेच, त्या वाफ्याशी, बोलता येते. याखेरीज संस्थेत लेखनाचा गट आहे, एकत्र पाव भाजण्याचा गट आहे आणि छळातून वाचलेल्यांनीच चालवलेले, धोरणांविषयी जाहीरपणे बोलणारे एक जाळेही आहे. उपचार घेणारी व्यक्ती कायमची रुग्ण राहत नाही, ती पुढे मंत्र्यांसमोर उभी राहून प्रश्न विचारते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

इथल्या मराठी मित्रमंडळींत मी या संस्थेविषयी बोलते तेव्हा कोणीतरी हमखास विचारते की हे सगळे आपल्याला कशाला. मला त्या वेळी आपली भाषा आठवते. आपल्याकडे ‘पोलिसी खाक्या दाखवला’ असे वर्तमानपत्रे सहज लिहितात, कोठडीतल्या मारहाणीला ‘पाहुणचार’ म्हणतात आणि ‘थर्ड डिग्री’ हा शब्द शाळकरी मुलेही थट्टेत वापरतात. मीही वापरला आहे. त्या गृहस्थांचे पाय पाहिल्यापासून माझ्याच्याने तो वापरवत नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, पण त्याला अद्याप अनुसमर्थन, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक मानण्याची अंतिम संमती, दिलेले नाही. २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेले छळप्रतिबंधक विधेयक पुढे राज्यसभेच्या समितीकडे गेले आणि ते कायदा होऊ शकले नाही. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७३व्या अहवालात पुन्हा अशा कायद्याची शिफारस केली. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर तर भारताची सहीच नाही. तेव्हा प्रश्न परक्यांचा आहे असे मानण्याची सोय आपल्याला नाही.

पैशांचा हिशेब सांगणेही परीक्षणात आवश्यक आहे. ही संस्था प्रामुख्याने सामान्य देणगीदारांच्या पैशांवर चालते. ज्या सरकारच्या निर्णयांना ती न्यायालयात आव्हान देते, त्याच सरकारच्या अनुदानावर ती अवलंबून असती तर ते तिला जड गेले असते. ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्या व्यक्तीने ‘गिफ्ट एड’चा अर्ज भरला तर प्रत्येक पाउंडामागे २५ पेन्स संस्थेला सरकारकडून अधिक मिळतात, आणि देणगीदाराला त्यासाठी काही जादा द्यावे लागत नाही. इथल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी देणगी देऊनही तो अर्ज भरलेला नसतो, म्हणून हे मुद्दाम सांगते. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा लहान पण नियमित देणगी मला अधिक उपयोगी वाटते, कारण उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि पैसे संपले म्हणून दगड अर्धवट उचललेल्या माणसाला घरी पाठवता येत नाही.

उणिवा? सर्वात मोठी उणीव आकाराची आहे. मागणी क्षमतेहून फार मोठी असल्यामुळे प्रत्येक चिठ्ठीला होकार मिळणे शक्य नसते, आणि केंद्रे मोजक्या शहरांत आहेत, तर सरकार आश्रयार्थींना देशभर कुठेही, कधीकधी समुद्रकिनाऱ्यावरच्या दूरच्या गावातल्या हॉटेलातही, ठेवते. उपचार सुरू असताना माणसाला अचानक दुसऱ्या शहरी हलवले जाण्याची टांगती तलवार असते. हा दोष संस्थेचा नव्हे, पण सेवा पाहताना तो जमेस धरावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे उपचारांनी सगळे दुखणे जात नाही. माझ्या त्या रुग्णाचे तळपाय आजही थंडीत दुखतात. शारीरिक उपचारांनी चालणे सुधारले, गोळ्या निम्म्यावर आल्या, बसच्या दोन थांब्यांइतके अंतर ते आता न थांबता चालतात. त्यांना आश्रय मिळाला आहे. मध्यंतरी ते आले होते ते मुलीचा कान दुखत होता म्हणून, आणि स्वतःच्या पायांविषयी ते काही बोलले नाहीत.

जीपी आणि इतर डॉक्टर वाचकांसाठी एक सूचना. चिठ्ठीत ‘नैराश्य, कृपया पाहावे’ एवढेच लिहू नका. कोठडीत होते का, साधारण किती काळ, आश्रयाच्या अर्जाची स्थिती काय, वकील आहे का, आत्महत्येचे विचार आहेत का, दुभाषा बाई हवी की पुरुष आणि कोणत्या प्रांताचा नको, हे रुग्णाला विचारून लिहा. छळाची संपूर्ण हकिकत तुम्ही काढून घेऊ नका. ती एकदा घाईत सांगितली गेली आणि पुढे तपशिलात थोडासा फरक पडला, तर तोच फरक त्याच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. ज्यांना तेथे जागा मिळत नाही त्यांच्यासाठी मी माझ्या दवाखान्यात निदान एवढे करू लागले आहे: दोन वेळा जोडून वीस मिनिटे राखून ठेवते, त्याच दुभाष्याची मागणी करते, खुर्ची दाराकडे तोंड करून मांडते, आणि हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी विचारते.